नानांचे दोनशे मिलिव्होल्ट

नानांची उंची पाच फूट चार इंच आणि आमच्या ऑफिसातली दारं सात फुटी. तरी नाना दारातून आत येताना जरा वाकतात. नव्याने रुजू झालेल्यांना वाटतं, काय नम्र माणूस! नम्रतेचा इथे काही संबंध नाही. डोक्यावर जागा किती उरली, या एकाच काळजीत ज्याची पंचवीस वर्षं गेली, त्याची मान आपोआप वाकते.

नाना अ‍ॅनालॉग डिझायनर आहेत. पुण्यात बाणेरला आमची कंपनी चिप डिझाइन करते, म्हणजे नकाशे आम्ही काढतो आणि चिप तैवानात तयार होते. तिथे नाना आणि मी एकाच मजल्यावर, पण दोन टोकांच्या खिडक्यांना बसतो. मी डिजिटलवाला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नानांच्या मते पृथ्वीवरच्या निम्म्या अडचणी माझ्या खिडकीतून आत आलेल्या आहेत. आम्ही कोड लिहितो, संगणकाला कामाला लावतो आणि घरी जातो. सकाळी येऊन पाहावं तर त्याने लाखभर गेट्स मांडून ठेवलेली असतात. नाना चार ट्रान्झिस्टर काढतात आणि तीन महिने त्यांच्याकडे बघत बसतात.

अप्रेझलच्या दिवसांत एचआरची मुलगी त्यांना विचारते, "सर, या वर्षात मुख्य काम काय केलं?"

"करंट मिरर."

ती मागच्या वर्षीचा फॉर्म उघडते. त्यातही करंट मिरर. त्याच्या आदल्या वर्षीही करंट मिरर.

"सर, हे चुकून कॉपी-पेस्ट झालंय का?"

नाना एकदम खुलतात. "अगदी बरोबर बोललीस. कॉपीच करायची असते. पेस्ट करताना घोटाळा होतो."

ती बिचारी 'संवादकौशल्य' या रकान्यात पाचपैकी दोन देऊन मोकळी होते.

खरं तर नाना शब्दशः खरं बोलत असतात. करंट मिररचं काम एवढंच, की एका वाटेने एक मायक्रोअँपिअर करंट जात असेल तर दुसऱ्या वाटेनेही एकच मायक्रोअँपिअर जावा. दोन सारखे ट्रान्झिस्टर घ्यायचे, दोघांची गेटं एकत्र बांधायची आणि पहिल्याचं ड्रेन त्याच्याच गेटला जोडायचं. पहिल्यातून करंट गेला की त्याला गेटवर जेवढा व्होल्टेज लागतो तेवढा आपसूक उभा राहतो, तोच दुसऱ्याच्या गेटला मिळतो आणि दुसराही तेवढाच करंट ओढतो. चिपवरच्या प्रत्येक अँप्लिफायरला, कंपॅरेटरला, ऑसिलेटरला असा मोजूनमापून करंट लागतो, त्याला बायस म्हणतात. मूळ करंट एकाच ठिकाणी तयार होतो, बाकी सगळीकडे त्याच्या नकला. हे सगळं पाठ्यपुस्तकात दीड पानात उरकतं. नाना म्हणतात, "त्या दीड पानाचा पगार कोणी देत नाही. पुढचं सुरू होतं तिथून आमची नोकरी."

पुढचं काय, तर दुसरा ट्रान्झिस्टर प्रामाणिक नसतो. त्याच्या ड्रेनवर व्होल्टेज वाढला की तो थोडा जास्त करंट सोडतो. अर्ध्या व्होल्टचा फरक पडला की एक मायक्रोअँपिअर सांगितलेला असताना १.०५ येतो. पाच टक्के. मला पाच टक्क्यांचं काहीच वाटत नाही, आमच्याकडे शून्य किंवा एक, मधे काय होतं ते आम्ही बघत नाही. नानांना मात्र पाच टक्के ऐकल्यावर अन्न गोड लागत नाही. यावरचा जुना उपाय म्हणजे कॅस्कोड, ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर आणखी एक ट्रान्झिस्टर. हा उपाय काय आणि तो का चालेनासा झाला, ते नानांनी कोथरूडमधल्या त्यांच्या सोसायटीत दहीहंडीच्या संध्याकाळी सर्वांसमोर समजावून सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

पोरांनी दोन थर लावले होते. नाना शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना म्हणाले, "तो वरचा बघा. हंडी हलतेय, त्याचे सगळे हेलकावे तो खातोय. खालच्याला पत्ताही नाही. म्हणून खालचा कसा शांत उभा आहे! यालाच कॅस्कोड म्हणतात. आता समजा, छत खाली आलं."

"कुठलं छत?" पोस्टमास्तरांनी घाबरून वर पाहिलं. वर उघडं आभाळ होतं.

"समजा हो. आधी छत पाच व्होल्टवर होतं. मग ३.३ वर आलं. मग १.८. मग १.२. आता एक व्होल्ट. गोविंदा मात्र फारसा खुजा झाला नाही. सातशे मिलिव्होल्टचा होता, तो साडेचारशेवर येऊन थांबला. एका व्होल्टच्या छताखाली हे दोन गोविंदे एकमेकांच्या खांद्यावर उभे कसे करायचे, सांगा."

पोस्टमास्तर म्हणाले, "पोरांना खाली उतरवा, पडतील."

गोविंदा खुजा का होत नाही, याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते माझ्या अंगाशी येणारं आहे. ट्रान्झिस्टर चालू व्हायला गेटवर जो किमान व्होल्टेज लागतो तो त्याचा थ्रेशोल्ड. तो खाली आणला की बंद ट्रान्झिस्टरसुद्धा गळू लागतो. अगदी आदर्श ट्रान्झिस्टर घेतला तरी खोलीच्या तापमानाला थ्रेशोल्ड साठ मिलिव्होल्टने उतरला की गळती दहापट. नानांचे चार ट्रान्झिस्टर गळले तर कोणाचं काही जात नाही. आमचे कोट्यवधी असतात, ते गळायला लागले तर खिशातला फोन नुसत्या गळतीनेच गरम होईल. म्हणून थ्रेशोल्ड वर ठेवा, असा हट्ट डिजिटलचा. आणि सप्लाय खाली आणा, हाही हट्ट डिजिटलचाच, कारण आमचा वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्होल्टेज निम्मा केला की खर्च चौथाई. नाना दर गुरुवारी चहाच्या मशीनपाशी मला हे ऐकवतात. "छत खाली आणलंत तुम्ही. गोविंदाला गुडघेही वाकवू देत नाही तुम्हीच. आणि वर विचारता, बायस तयार झाला का?"

यावर मी साखर ढवळत राहतो.

गेल्या पावसाळ्यात परभणीचा एक पोरगा आमच्याकडे लागला. हुशार, एमटेक, पुस्तक तोंडपाठ. त्याने पहिल्याच रिव्ह्यूला स्वच्छ, सरळ, दोन्ही बाजूंना दोन मजली कॅस्कोड मिरर आणला. नाना बराच वेळ पडद्याकडे प्रेमाने पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "राजा, सप्लाय किती?"

"एक व्होल्ट, सर."

"इनपुटच्या बाजूला खालच्याला किती लागतो?"

"साडेचारशे थ्रेशोल्ड, वर दीडशे ओव्हरड्राइव्ह. सहाशे मिलिव्होल्ट."

"आणि वरच्याला?"

"सहाशे..." पोराचा आवाज बसला.

"म्हणजे बाराशे. दोनशे मिलिव्होल्ट कमी पडले. ते कुठून आणू? शेजारच्या चिपकडून उसने?"

एखादा असता तर तिथेच पोराचं डिझाइन खोडून मोकळा झाला असता. नानांनी खुर्ची ओढली, मार्कर घेतला आणि बोर्डावर त्याच चार ट्रान्झिस्टरांचं वेगळं गोत्र मांडलं. जुन्या मांडणीत वरच्याचं गेट जरुरीपेक्षा फार वर बांधलेलं असतं, त्यामुळे खालच्या ट्रान्झिस्टरला दीडशेची गरज असताना सहाशे मिलिव्होल्ट मिळतात. साडेचारशे नुसते वाया. नानांनी वरच्या दोघांच्या गेटांना वेगळ्या फांदीने मोजका व्होल्टेज दिला, म्हणजे खालच्याला दीडशे आणि वरच्याला दीडशे. आउटपुट तीनशे मिलिव्होल्टपर्यंत खाली गेलं तरी नक्कल शाबूत. इनपुटला बाराशेऐवजी सहाशे पुरतात. पोरगा तोंडाचा आ करून बघत होता. त्याने हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण वाया जाणाऱ्या साडेचारशे मिलिव्होल्टची हळहळ वाटणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा.

नाना मात्र तेवढ्यावर खूश होणाऱ्यांतले नाहीत. त्यांना कोपऱ्यांचं व्यसन आहे. चिप कारखान्यातून कधी चपळ येते, कधी मंद; सप्लाय दहा टक्के वर-खाली होतो; तापमान उणे चाळीसपासून सव्वाशे अंशांपर्यंत कुठेही असू शकतं. या सगळ्यांच्या वाईटात वाईट जोड्यांना आम्ही कॉर्नर म्हणतो. इतर लोक कॉर्नर शेवटी तपासतात. नाना तिथेच राहायला जातात. मंद चिप, उणे चाळीस अंश, थ्रेशोल्ड चढून साडेपाचशे झालेला, सप्लाय उतरून नऊशे. इनपुटला सातशे लागले, दोनशे उरले. आधी जे दोनशे कमी पडत होते तेच दोनशे आता शिलकीत. पोरगा टाळ्या वाजवणार एवढ्यात नाना म्हणाले, "थांब. ती वेगळी फांदी राहिली."

त्या फांदीला थ्रेशोल्ड आणि वर दोन ओव्हरड्राइव्ह लागतात. साडेपाचशे अधिक तीनशे, साडेआठशे. नऊशेतले पन्नास उरले. त्या पन्नासात वरचा करंट सोर्स बसवायचा. पन्नास मिलिव्होल्ट हा आकडा ऐकून नानांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

त्यांचा पुढचा डाव मात्र खास नानांचा. त्यांनी ट्रान्झिस्टर इतके रुंद केले की तेवढ्याच करंटला ते पुरते चालू होईनातच. थ्रेशोल्डच्या खाली, अर्धवट झोपेत, ज्याला वीक इन्व्हर्जन म्हणतात त्या अवस्थेत त्यांना कामाला लावलं. म्हणजे ज्याला आम्ही गळती म्हणून शिव्या घालतो, त्याच गळतीवर नानांचं सर्किट चालतं. तिथे ट्रान्झिस्टरला करंट धरून ठेवायला शंभरेक मिलिव्होल्ट पुरतात आणि गेटचा व्होल्टेजही थ्रेशोल्डच्या खाली राहतो. ही वाट दाखवली घड्याळवाल्यांनी. स्वित्झर्लंडमध्ये नशातेलला एरिक व्हिटोझ आणि जाँ फेलरात यांनी १९७७ साली यावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या मागे मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळाची गरज होती. एवढ्याशा सेलवर वर्षानुवर्षं चालायचं तर सर्किटाने मायक्रोअँपिअरही जपून खायला हवा. नानांच्या हातात साधं काट्यांचं क्वार्ट्झ घड्याळ आहे. ऑफिसातल्या पोरांची स्मार्ट घड्याळं रोज रात्री चार्जिंगला लागतात, हे कळल्यावर ते मनापासून हळहळले होते. "रोज? दूध तापवल्यासारखं रोज?"

आमचं गिऱ्हाईकही त्याच मापाचं. एका सेन्सरमध्ये नाण्याएवढा सेल, त्यात साधारण सव्वादोनशे मिलिअँपिअर-तास. पाच वर्षं चालवायचा तर सरासरी पाच मायक्रोअँपिअर मिळतात. त्यातले चार नाना घेतात, कारण त्यांचा ब्लॉक सदैव जागा हवा. उरलेला एक आम्हा डिजिटलवाल्यांना, तोही झोपून राहायच्या अटीवर. वाटणीच्या मीटिंगमध्ये आवाज चढलेला ऐकून शेजारच्या टीमला वाटलं, जमिनीचा वाद आहे.

जमिनीचा वाद आहेच, पण तो लेआउटवाल्या मॅडमशी. मॅडम सोलापूरच्या, आणि जागेच्या बाबतीत अत्यंत कडक. झालं असं, की थ्रेशोल्डच्या खाली करंट गेट व्होल्टेजबरोबर घातांकाने वाढतो. दोन जुळ्या ट्रान्झिस्टरांच्या थ्रेशोल्डमध्ये एका मिलिव्होल्टचा फरक निघाला की करंटात जवळजवळ तीन टक्क्यांची तफावत. म्हणजे व्होल्टेज वाचला आणि नक्कल बिघडली. यावर औषध एकच. मार्सेल पेल्ग्रोम आणि त्यांच्या फिलिप्समधल्या सहकाऱ्यांनी १९८९ साली मांडून ठेवलंय, की जोडीतला फरक क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. फरक निम्मा हवा तर जागा चौपट. मिलिव्होल्टला जीव टाकणारा हा माणूस जागा मागायला लागला की पेशवाई सुरू होते.

"मॅडम, तो मिरर जरा मोठा करू या."

"किती?"

"सोळापट."

"नाना, गेल्या आठवड्यात चौपट केला. आता सोळापट? अहो, त्या दोघांना आधीच हॉल-किचन दिलंय मी!"

"फरक पाव टक्क्याने तरी..."

"बाजूला डिजिटलवाल्यांचे दहा हजार गेट्स बसलेत एवढ्या जागेत. ते नाही कुरकुरत."

"त्यांना कळत नाही म्हणून," असं म्हणून नाना माझ्याकडे बघतात.

मग मांडणी. कारखान्यात वेफरच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे ऑक्साइडची जाडी सूक्ष्म बदलत जाते. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन ट्रान्झिस्टरांनाही ते जाणवतं. म्हणून एकेकाचे दोन तुकडे करून अ-ब-ब-अ असे ओळीत बसवतात, म्हणजे दोघांच्याही वाट्याला सारखंच येतं. आणि ओळीच्या कडेला कोरताना आकार वेगळा होतो, म्हणून दोन्ही टोकांना काहीच काम नसलेले डमी ट्रान्झिस्टर उभे करतात. हे नानांच्या इतकं अंगात भिनलंय, की त्यांच्या भाच्याच्या मुंजीत ग्रुप फोटोच्या वेळी फोटोग्राफरला बाजूला सारून त्यांनी दोन्ही मेव्हण्यांना आणि त्यांच्या बायकांना नवरा-बायको-बायको-नवरा असं उभं केलं. मग दोन्ही टोकं मोकळी दिसतात म्हणून वाढप्यांपैकी दोघांना बोलावून कडेला उभं केलं. अल्बममध्ये तो फोटो आहे. वाढप्यांच्या हातात पळ्या आहेत आणि थोरल्या मेव्हण्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न. वहिनींच्या माहेरी अजून विचारतात, ते दोघे कोणाकडचे?

वहिनी बँकेत अधिकारी आहेत. पैशाचा हिशोब दमडीपर्यंत. त्यांची नवऱ्याविषयी एकच तक्रार आहे आणि ती भौतिकशास्त्राला धरून आहे. "दिवसभर मायक्रोवॉट वाचवतो हा माणूस," त्या मला म्हणाल्या, "आणि सकाळी गीझर चालू ठेवून ऑफिसला जातो." मी डिजिटलवाला असलो तरी भागाकार येतो. नानांचा तो अख्खा ब्लॉक चार मायक्रोवॉट खातो. दोन किलोवॉटचा गीझर एक तास चालू राहिला तर तेवढ्या विजेत नानांचं सर्किट सत्तावन्न हजार वर्षं चाललं असतं. हे गणित मी वहिनींसमोरच मांडलं. नानांनी वहीत तपासून पाहिलं, बरोबर आहे म्हणाले, आणि मग चेहरा उजळून म्हणाले, "सत्तावन्न हजार! म्हणजे ब्लॉक चांगलाच जमलाय." वहिनी आत निघून गेल्या. गीझर कोणी बंद केला ते कळलं नाही.

नानांच्या टेबलावर गणपती नाही, देवाधर्माचं काही नाही; पण त्यांची दैवतं आहेत. एक जॉर्ज विल्सन. अमेरिकेत ओरेगनमधल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीत १९६७ साली विल्सन आणि बॅरी गिल्बर्ट यांची पैज लागली, की तीनच ट्रान्झिस्टर वापरून आहे त्यापेक्षा चांगला करंट मिरर कोण काढतो, मुदत एक रात्र. सकाळी विल्सनने पैज जिंकली आणि त्या मिररला त्याचं नाव मिळालं. गिल्बर्टही साधा माणूस नव्हता, त्याच्या नावाचं गिल्बर्ट सेल पुढे जगभरच्या रेडिओंत गेलं. नाना ही गोष्ट भक्तिभावाने सांगतात आणि शेवटी न चुकता सुस्कारा टाकतात. "काय दिवस होते! उणे पंधरा, अधिक पंधरा. तीस व्होल्ट हातात. तीस! विल्सनचा मिरर सुंदर आहे, पण एका व्होल्टवर मांडायला गेलं तर मावत नाही. एक रात्र मलाही पुरली असती, तीस व्होल्ट दिले असते तर."

दुसरं दैवत बॉब विडलर. हा जरा उग्र देव. सदोष निघालेला पार्ट हातोड्याने ठेचून त्याचा भुगा करायचा, दारू प्यायचा, आणि कंपनीने हिरवळ कापायचा खर्च आवरता घेतला म्हणून १९७० मध्ये त्याने गाडीतून एक मेंढी आणून नॅशनल सेमीकंडक्टरच्या आवारात चरायला सोडली. नानांना त्याचं बाकी सगळं माफ आहे, दोन कारणांनी. इवलासा करंट काढायला पूर्वी मेगोहमच्या घरातला रोध लागायचा, तो चिपवर बसवणं अशक्य. विडलरने मिररच्या एका पायात छोटासा रोध घालून ते काम भागवलं. आणि १९७८ साली, जेव्हा सगळे तीस व्होल्टवर चैन करत होते, तेव्हा याच माणसाने १.१ व्होल्टवर चालणारा एलएम१० हा ऑपअँप काढला. "गरज नसताना कमी व्होल्टवर चालवला," नाना म्हणतात, "याला म्हणतात संस्कार."

एकदा कंपनीत खर्च-कपातीची मेल आली, चहाची मशीन एक मजला सोडून एक. नाना त्या दिवशी बराच वेळ खिडकीतून बाणेरच्या टेकडीकडे पाहत होते. तिथे शेळ्या चरत होत्या. मी त्यांना हाताला धरून जागेवर आणून बसवलं.

चिप तयार होऊन परत आली त्या दिवसाचं सांगायला हवं. बोर्डावर बसवली, सप्लाय दिला, खोलीच्या तापमानाला सगळं झकास. मग थंड केली, उणे चाळीस. करंट शून्य. परभणीच्या पोराचा चेहराही उणे चाळीस. नाना शांत होते, कारण हा रोग त्यांच्या ओळखीचा. मूळ करंट तयार करणारं सर्किट म्हणजे एकमेकांकडे तोंड करून बसवलेले दोन मिरर. खालचा वरच्याला विचारतो, किती सोडू? वरचा म्हणतो, तू जेवढा सोडशील तेवढा. दोघांनी मिळून एक मायक्रोअँपिअर ठरवला की काम सुरू. पण दोघांनी मिळून शून्य ठरवलं तरी गणिताला ते मान्य असतं. कोणाचं कोणाशी भांडण नाही, समीकरणं सुटतात, आणि चिप मेलेली. म्हणून सुरुवातीला एक धक्का द्यायला छोटं स्टार्टअप सर्किट लागतं. वीज वाचवायची म्हणून ते नानांनी इतकं कृश केलं होतं की थंडीत त्याच्याच अंगात बळ उरलं नाही. नानांनी प्रोबचं टोक एका जागी हलकेच टेकवलं. तेवढ्या स्पर्शाने करंट उठला आणि एक मायक्रोअँपिअरवर जाऊन स्थिर उभा राहिला.

"चालतेय," नाना म्हणाले.

"प्रत्येक चिपबरोबर तुम्हाला पाठवायचं का?" मॅनेजरने विचारलं.

पुढच्या खेपेस दोन ट्रान्झिस्टर वाढले. लेआउटवाल्या मॅडम म्हणाल्या, या माणसालाही दोनच स्थिर अवस्था आहेत. सकाळी दहाला चहा मिळाला तर दिवसभर अखंड बोलतो, नाही मिळाला तर संध्याकाळपर्यंत शून्य, आणि त्या शून्यातही तो समाधानी असतो. मशीन आमच्या मजल्यावर परत आणायचा अर्ज मॅडमनीच केला, कारणाच्या रकान्यात 'स्टार्टअप' लिहून. मंजूर झाला. वरच्यांना ते नव्या उद्योगांचं काहीतरी वाटलं असावं.

आता नवा प्रकल्प आलाय. सेल नाहीच, अंगाची ऊब किंवा घरातला उजेड यांतून मिळेल तेवढ्यावर चालायचं. सप्लाय सहाशे मिलिव्होल्ट. मॅनेजरने आकडा हळू आवाजात सांगितला. आम्हाला वाटलं, नाना आता राजीनामा देतील, निदान मला तरी चार शब्द सुनावतील. नाना दोन मिनिटं गप्प बसले. मग त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली जी मी याआधी फक्त फणसपोळी पाहिल्यावर पाहिली होती.

"गेट सोडून देऊ," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"गेटला थ्रेशोल्ड नडतो ना? गेट एका जागी बांधून टाकायचं, ट्रान्झिस्टर कायमचा चालू. आणि करंटला हाकायचं खालून, बल्कमधून. तिथे थ्रेशोल्डची अडचणच नाही."

परभणीचा पोरगा आता तयार झालाय. त्याने लगेच हरकत घेतली. "सर, बल्कची ताकद गेटच्या चौथाई-तिहाई. शिवाय प्रत्येकाला वेगळी वेल लागेल, म्हणजे पीमॉसच वापरावे लागतील. आणि बल्कचा डायोड चालू झाला तर?"

"सहाशे मिलिव्होल्टमध्ये तो काय डोंबल चालू होणार? त्यालाही तेवढेच लागतात," नाना म्हणाले. पोराने ते वहीत लिहून घेतलं, पण खाली बारीक अक्षरात '१२५ अंशांना तपासणे' असंही लिहिलं. नानांनी ते तिरक्या नजरेने वाचलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

मॅनेजरने लॅपटॉपवर प्लॅन उघडला. "नाना, मिररला किती दिवस धरू?"

"साधा मिरर आहे हो. चार ट्रान्झिस्टर."

मॅनेजरने चार दिवस लिहिले. लेआउटवाल्या मॅडम मीटिंग संपायच्या आतच फोनवर आईला सांगत होत्या, की यंदा दिवाळीला सोलापूरला येणं काही जमेल असं दिसत नाही.